संगीत ध्वनिमुद्रणासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर: शोध, पडताळणी आणि चाचणी मुद्रण

संगणकावर संगीत ध्वनिमुद्रित करण्यासाठी मोफत सॉफ्टवेअर शोधायला बसले की थोड्याच वेळात डझनभर नावे समोर येतात आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. बहुतेक याद्यांमध्ये ध्वनिमुद्रणाची, ताल रचण्याची, स्वरलेखनाची आणि निव्वळ ध्वनिसंपादनाची सॉफ्टवेअर एकाच ओळीत मांडलेली असतात. शिवाय जे फुकट मिळते ते सगळे मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा सोर्स कोड, मूळ आज्ञावली, कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो असे) असते, असेही त्यांत सर्रास गृहीत धरलेले असते. या लेखात क्रम वेगळा ठेवला आहे. आधी आपले काम ठरवायचे, मग परवाना तपासायचा, त्यानंतर सॉफ्टवेअर निवडायचे आणि शेवटी एक छोटे चाचणी मुद्रण करून त्याच्या निकालावरच निवड पक्की करायची.

मुक्तस्रोताचाच आग्रह कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे, कारण मोफत पण बंदिस्त असे काही उत्तम पर्यायही उपलब्ध आहेत. उत्तर पैशांत नसून प्रकल्पाच्या फाइलमध्ये आहे. तयार गाणे कोणत्याही प्लेअरवर वाजते. पण त्या गाण्यातले सुटे ट्रॅक, त्यांच्यावरचे काप, आवाजाच्या पातळ्या आणि इफेक्ट ज्या फाइलमध्ये साठवलेले असतात, ती फाइल बहुधा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. केकवॉकचे उदाहरण बोलके आहे. गिब्सन कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये या जुन्या आणि लोकप्रिय सॉफ्टवेअरचे विकसन थांबवले, फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने त्याचे हक्क घेतले आणि त्याच वर्षी ते मोफत उपलब्ध करून दिले; पुढे २०२३ मध्ये त्याची जागा सोनार हे नवे उत्पादन घेईल असे जाहीर झाले. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. मात्र अशा प्रत्येक वळणावर वापरकर्त्याच्या जुन्या प्रकल्पांचे भवितव्य दुसऱ्याच्या निर्णयावर टांगलेले राहते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा विकास थांबला तरी त्याचा सोर्स कोड उपलब्ध राहतो आणि दुसरे कोणी तो पुढे नेऊ शकते.

पहिली पायरी: काम नेमके ठरवणे

"मला गाणी रेकॉर्ड करायची आहेत" एवढ्या वर्णनावरून सॉफ्टवेअर निवडता येत नाही. एकाच मायक्रोफोनवर एका बैठकीत गायन किंवा वादन मुद्रित करून त्याची साफसफाई करायची असेल, तर साधे ध्वनिसंपादक पुरते. आधी गिटार, मग ती ऐकत आवाज, मग त्यावर दुसरा आवाज असे थर चढवायचे असतील, तर अनेक ट्रॅक एकमेकांशी अचूक जुळवून ठेवणारे सॉफ्टवेअर लागते. चार-सहा मायक्रोफोन एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे असतील, तर तितक्या इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन आणि वाद्ये संगणकाला जोडणारे उपकरण) हवा आणि ती सारी इनपुटे ओळखू शकणारे सॉफ्टवेअरही हवे. कीबोर्डवर वाजवलेले सूर नंतर एकेक करून दुरुस्त करायचे असतील, तर मिडी हाताळता येणे आवश्यक आहे. मिडीत ध्वनी साठवलेला नसतो, कोणता सूर केव्हा व किती जोराने वाजला एवढी नोंद असते, आणि तिचे ध्वनीत रूपांतर करणारे वाद्य वेगळे जोडावे लागते.

कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: एका वेळी किती इनपुटे, एकूण साधारण किती ट्रॅक आणि मिडी हवे की नको. त्याबरोबरच हार्डडिस्कवरील जागेचा हिशेब करून ठेवावा. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणात (म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा) मुद्रित केलेला एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेतो. म्हणजे आठ ट्रॅकवर तासभर मुद्रण केले तर चार गिगाबाइटहून थोडी अधिक जागा लागते; आणि फसलेले प्रयत्न जपून ठेवण्याची सवय असेल, तर हा आकडा पाहता पाहता अनेक पटींनी वाढतो.

दुसरी पायरी: परवाना वाचणे

सॉफ्टवेअर मोफत मिळते म्हणून ते मुक्तस्रोत ठरत नाही. मॅकवरील गॅरेजबँड आणि ट्रॅक्शनचे वेव्हफॉर्म फ्री ही वापरायला मोफत आहेत, पण मुक्तस्रोत नाहीत. रीपर तर दोन्हींत बसत नाही. ६० दिवस वापरून पाहण्याची मुभा देणारे ते सशुल्क सॉफ्टवेअर आहे. वाईट यांपैकी एकही नाही, पण आपण ज्या कारणासाठी शोध घेत आहोत ते कारण त्यांनी पूर्ण होत नाही.

मुक्तस्रोत असण्याची खूण म्हणजे परवाना. संगीताच्या क्षेत्रात सर्वाधिक आढळतो तो जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आणि तिसरी २००७ ची आहे. त्याखेरीज एमआयटी, बीएसडी, अपाचे आणि एजीपीएल हे परवानेही दिसतात. प्रकल्पाच्या कोडभांडारात (सोर्स कोड ठेवलेल्या ऑनलाइन जागेत) लायसन्स किंवा कॉपीइंग नावाची फाइल असते, ती उघडून परवान्याचे नाव पाहावे. इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरच्या हेल्प मेनूतील अबाउट या खिडकीतही ते नाव असते. नाव अनोळखी असेल तर १९९८ साली स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या मान्यताप्राप्त परवान्यांच्या यादीत ते शोधावे. "केवळ वैयक्तिक वापरासाठी" किंवा "व्यावसायिक वापरास मनाई" अशी अट दिसली, तर सोर्स कोड उघडपणे वाचता येत असला तरी ते सॉफ्टवेअर मुक्तस्रोताच्या व्याख्येत बसत नाही.

इथे नवख्या माणसाच्या मनात हमखास येणाऱ्या दोन शंका दूर केलेल्या बऱ्या. जीपीएल परवान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले गाणे जीपीएलखाली जात नाही. त्याचे हक्क रचनाकाराचेच राहतात आणि ते विकायलाही कोणती आडकाठी नाही. मात्र सॉफ्टवेअरबरोबर किंवा अन्यत्र मिळणारे तयार ध्वनितुकडे वेगळ्या परवान्याखाली असू शकतात, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अव्यावसायिक अटीखालील तुकडा विक्रीच्या गाण्यात वापरता येत नाही. दुसरी शंका किमतीची. जीपीएल सॉफ्टवेअर पैसे घेऊन देण्यास मनाई करत नाही, आणि पुढे येणाऱ्या आर्डोर या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा मुद्दा प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: शोधायचे कुठे आणि डाउनलोड करायचे कुठून

लिनक्स ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्याचे काम सर्वांत सोपे आहे, कारण वितरणाच्या (म्हणजे डेबियन, उबंटू यांसारख्या लिनक्सच्या तयार रूपाच्या) स्वतःच्या सॉफ्टवेअर भांडारातच बहुतेक सारे मिळते. डेबियनच्या मुख्य विभागात तर मुक्त परवान्याचेच सॉफ्टवेअर घेतले जाते, त्यामुळे परवान्याची पहिली चाळणी आपोआप लागलेली असते. उबंटू स्टुडिओ हे २००७ पासून निघणारे वितरण आणि फेडोरा जॅम ही फेडोराची आवृत्ती यांत ध्वनिमुद्रणाची साधने आधीच बसवलेली असतात. लिनक्सची सॉफ्टवेअर देणाऱ्या फ्लॅटहब या संकेतस्थळावरही भरपूर पर्याय आहेत, परंतु तिथे बंदिस्त सॉफ्टवेअरही ठेवलेले असते. म्हणून प्रत्येक पानावर दाखवलेला परवाना पाहूनच पुढे जावे.

विंडोज आणि मॅकवर मात्र जपून राहावे लागते. शोधयंत्रात लोकप्रिय सॉफ्टवेअरचे नाव टाकले की वरच्या बाजूला जाहिराती येतात आणि मूळ नावाशी मिळतेजुळते पत्ते असलेली डाउनलोडची संकेतस्थळेही डोकावतात. अशा ठिकाणी इन्स्टॉलरबरोबर नको ते काही जोडून दिले जाण्याचा धोका असतो. सोर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या ठिकाणीही २०१३ ते २०१५ या काळात काही प्रकल्पांच्या इन्स्टॉलरला जाहिरातींचे सॉफ्टवेअर जोडले जात असे. २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर ती पद्धत बंद झाली. सुरक्षित मार्ग असा की विकिपीडियावरील त्या सॉफ्टवेअरच्या लेखात माहितीचौकटीत दिलेल्या दुव्यावरून अधिकृत स्थळावर जावे, तिथला कोडभांडाराचा दुवा उघडावा आणि कोडभांडारातला दुवा पुन्हा त्याच स्थळाकडे नेतो की नाही हे पाहावे. दोन्ही दुवे एकमेकांकडे नेत असतील तर आपण योग्य ठिकाणी आहोत असे मानायला हरकत नाही.

फाइल डाउनलोड झाल्यावर तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखीची अक्षरमाला) अधिकृत स्थळावर दिलेल्या चेकसमशी ताडून पाहावा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, मॅकच्या टर्मिनलमध्ये एसएचएसम आणि लिनक्सवर एसएचए२५६सम ही आज्ञा त्यासाठी आधीपासूनच उपलब्ध असते. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी ती फाइल चालवू नये.

कोडभांडारात असताना आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी, ती म्हणजे प्रकल्पात जीव आहे की नाही. शेवटचा बदल केव्हा झाला, शेवटची आवृत्ती केव्हा निघाली आणि वापरकर्त्यांनी नोंदवलेल्या त्रुटींना कोणी उत्तर देते का, एवढ्यावरून अंदाज येतो. वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या छोट्या साधनात काही बदल झाला नाही तर ते समजण्यासारखे आहे. पण संपूर्ण ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये अनेक वर्षे हालचाल नसेल, तर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते धडपणे चालेलच असे नाही.

चौथी पायरी: पर्यायांतून निवड

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकापासून सुरुवात करावी, कारण बहुसंख्य लोकांची गरज तिथेच भागते. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात तिचे काम सुरू केले आणि २००० साली ती सार्वजनिक झाली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती चालते. पूर्वी तिची दोन मोठी वैगुण्ये सांगितली जात: प्रत्येक इफेक्ट मूळ ध्वनीवर कायमचा उमटवावा लागे, आणि प्रकल्पाची छोटी फाइल व तिचा विदा असलेले फोल्डर वेगवेगळे असल्याने त्यांची ताटातूट होऊन काम हातचे जाई. २०२१ मधील ३.० आवृत्तीपासून सारा प्रकल्प एकाच फाइलमध्ये साठवला जातो. ती फाइल म्हणजे प्रत्यक्षात एसक्यूलाइट या खुल्या प्रकारचा डेटाबेस आहे. २०२२ मधील ३.२ आवृत्तीपासून ध्वनी वाजत असतानाच इफेक्ट लावता-काढता येतात. त्यामुळे जुन्या लेखांतील ऑडॅसिटीवरची टीका आज जशीच्या तशी धरून चालू नये. मिडीची अडचण मात्र कायम आहे. कीबोर्डवरून मिडी मुद्रित करण्यासाठी ऑडॅसिटीच्या ३ मालिकेचा उपयोग नाही.

२०२१ मध्ये ऑडॅसिटी म्यूझ ग्रुपकडे गेली, वापराची माहिती गोळा करण्याचा एक प्रस्ताव आला आणि त्यावर बरीच नाराजी उसळली. तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. नंतर गोपनीयता धोरणावरून पुन्हा वाद झाला आणि त्या धोरणाची भाषाही बदलण्यात आली. दरम्यान काही जणांनी त्याच कोडवरून टेनॅसिटी ही वेगळी शाखा काढली. मुक्तस्रोत परवान्याचा व्यवहारात काय उपयोग होतो, हे पाहायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. ज्यांना तरीही शंका वाटते, त्यांनी ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन नव्या आवृत्तीची आपोआप होणारी तपासणी बंद करावी.

अनेक थरांचे, अनेक मायक्रोफोनांचे आणि गांभीर्याने मिक्सिंग (सगळ्या ट्रॅकचे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करणे) करायचे काम असेल तर आर्डोर घ्यावे. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेला हा प्रकल्प गेली दोन दशके सातत्याने चालू आहे, आणि लिनक्सवरील जॅक या ध्वनिव्यवस्थेचे मूळ कामही त्यांचेच आहे. ट्रॅकची संख्या, मिक्सर, मूळ ध्वनीला हात न लावता होणारे संपादन, ठरावीक जागीच पुन्हा मुद्रण करण्याची सोय, एकाच ट्रॅकवरचे अनेक प्रयत्न जपून त्यांतले चांगले तुकडे निवडणे, मिडी आणि चित्रफितीला संगीत जोडणे, अशा बाबतींत ते महागड्या सॉफ्टवेअरच्या पंक्तीत बसते. हॅरिसन कंपनीचे मिक्सबस हे व्यावसायिक सॉफ्टवेअर आर्डोरवरच आधारलेले आहे, यावरून त्याच्या ताकदीची कल्पना यावी.

आर्डोर डाउनलोड करायला जाणारा माणूस मात्र बहुधा गोंधळतो, कारण अधिकृत स्थळावर तयार प्रतीसाठी पैसे मागितले जातात. सोर्स कोड सर्वांना मोफत आहे. तो आपल्या संगणकावर बांधून घेण्याचे कष्ट नको असतील, तर स्वतः ठरवलेली रक्कम देऊन किंवा वर्गणी भरून तयार प्रत घेता येते. मोफत मिळणारी चाचणी प्रत दहा मिनिटांनी मुकी होते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांच्या भांडारात मात्र आर्डोर कोणत्याही मर्यादेशिवाय विनामूल्य मिळते. म्हणून विंडोजवर एक पैसाही खर्च न करता मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर बहुट्रॅक काम करायचे असेल, तर दोन सोपे मार्ग उरतात: ऑडॅसिटीवर भागवणे किंवा त्याच संगणकावर लिनक्स बसवणे. नियमित काम करणाऱ्याने थोडी रक्कम देऊन तयार प्रत घेणेच मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण विकसनाचा खर्च त्यातूनच चालतो.

क्यूट्रॅक्टर हे रुई नुनो कापेला यांचे लिनक्सवरील सॉफ्टवेअर ध्वनी आणि मिडी दोन्ही हाताळते आणि आर्डोरपेक्षा बरेच हलके आहे. जुना संगणक असेल तर ते आधी पाहावे. रोझगार्डनचा भर मिडी आणि स्वरलेखनावर आहे.

आता याद्यांमध्ये चुकीच्या जागी असलेली नावे. एलएमएमएस हे ताल, सूर आणि नमुने जुळवून संगीत रचण्याचे उत्तम साधन आहे, पण त्याच्या १.२ या स्थिर आवृत्तीत मायक्रोफोनवरून ध्वनी मुद्रित करण्याची सोय नाही. गायकाने ते घेतले तर निराशाच पदरी पडेल. हायड्रोजन हे ड्रमचे ठेके रचण्यासाठी आहे. म्यूझस्कोर स्वरलिपी लिहिण्यासाठी आहे. ही तिन्ही सॉफ्टवेअर मुद्रणाच्या सॉफ्टवेअरसोबत वापरावीत. त्यांतून निघालेली वेव्ह फाइल ऑडॅसिटीत किंवा आर्डोरमध्ये आणून तिच्यावर आवाज चढवता येतो.

पाचवी पायरी: ध्वनीचा मार्ग मोकळा करणे

नवे सॉफ्टवेअर उघडले आणि आवाजच येत नाही, अशी तक्रार ऐकली की बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरबाहेर सापडतो. विंडोजच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप अॅपना मायक्रोफोन वापरण्याची परवानगी आहे का ते पाहावे. मॅकवरही तसेच, आणि तिथे परवानगी दिल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे लागते. त्यानंतर विंडोजच्या ध्वनी सेटिंगमधील ऑडिओ एन्हान्समेंट बंद करावे. संभाषणासाठी बनवलेली गोंगाट घालवण्याची सोय लांबवलेल्या स्थिर सुरालाच गोंगाट समजते आणि तो दाबून टाकते. त्यामुळे आलाप मध्येच विरत असेल तर मायक्रोफोन बदलण्यापूर्वी हे सेटिंग तपासावे.

पुढचा प्रश्न ड्रायव्हरचा, म्हणजे ध्वनीची उपकरणे आणि सॉफ्टवेअर यांना जोडणाऱ्या दुव्याचा. मॅकवर कोअर ऑडिओ ही ध्वनिव्यवस्था मुळातच असल्याने वेगळे काही करावे लागत नाही. लिनक्सवर आज अनेक वितरणांत पाइपवायर ही ध्वनिव्यवस्था असते आणि जॅकसाठी बनवलेली सॉफ्टवेअरही त्यावर चालतात. ध्वनीचे काम संगणकाने इतर कामांआधी करावे, अशी तत्काळ प्राधान्याची परवानगी वापरकर्त्याला मिळावी म्हणून त्याचे नाव ऑडिओ गटात घालावे लागू शकते. विंडोजवर एमएमई, वासापी आणि असिओ असे पर्याय दिसतात. आर्डोरसाठी इंटरफेसच्या उत्पादकाने दिलेला असिओ ड्रायव्हर सर्वांत चांगला. तो नसेल तर फ्लेक्सअसिओ हा मुक्तस्रोत पर्याय वापरता येतो. ऑडॅसिटीच्या ३ मालिकेतील अधिकृत प्रतींमध्ये असिओचा आधार नसल्याने तिथे वासापी निवडावे, आणि दोनपेक्षा अधिक इनपुटे एकाच वेळी मिळतील अशी अपेक्षा विंडोजवर धरू नये.

ब्लूटूथ हेडफोन मुद्रणाच्या वेळी वापरू नयेत. त्यांत ध्वनी ठळकपणे उशिरा पोहोचतो, आणि त्यांचाच मायक्रोफोन चालू केला तर जोडणी संभाषणाच्या पद्धतीवर जाऊन ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जाही घसरतो. तारेचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन असले म्हणजे त्यातला ठेका मायक्रोफोनमध्ये गळत नाही.

सहावी पायरी: चाचणी मुद्रण

नवा प्रकल्प ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, किंवा सॉफ्टवेअरने सुचवल्यास ३२ बिट फ्लोट, या प्रमाणात सुरू करावा. सोळा बिटमध्ये ध्वनीचा पल्ला सुमारे ९६ डेसिबल आणि चोवीस बिटमध्ये तत्त्वतः १४४ डेसिबल असतो. त्यामुळे आवाज मीटरच्या टोकापर्यंत नेण्याची आज गरज उरलेली नाही. सर्वांत जोराची जागा गाऊन किंवा वाजवून पाहावी आणि मीटरचा उच्चांक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी इंटरफेसवरच लावावी. ३२ बिट फ्लोट निवडले म्हणजे आवाज फाटणारच नाही, हा समज चुकीचा आहे. इंटरफेसच्या रूपांतरकात (ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागात) फाटलेला ध्वनी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पूर्ववत होत नाही.

आता मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारी सोय) लावून दोन मिनिटांचा एक ट्रॅक मुद्रित करावा आणि तो ऐकत दुसरा चढवावा. दुसरा ट्रॅक पहिल्याच्या किंचित मागे पडलेला जाणवला, तर दोष वादकाचा धरण्यापूर्वी लेटन्सी तपासावी. ध्वनी संगणकात शिरून प्रक्रिया होऊन बाहेर येईपर्यंत जो उशीर होतो, त्याला लेटन्सी म्हणतात आणि त्याचा एक मोठा भाग बफरच्या, म्हणजे संगणक एका वेळी गोळा करून हाताळतो त्या नमुन्यांच्या गठ्ठ्याच्या, आकारावर ठरतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर ५.३ मिलिसेकंदांचा आणि १०२४ नमुन्यांचा बफर २१.३ मिलिसेकंदांचा असतो. आत येताना आणि बाहेर जाताना तो दोनदा मोजावा लागतो आणि रूपांतरकाचा थोडा वेळ त्यात मिळवावा लागतो. मुद्रण करताना बफर लहान ठेवावा आणि मिक्सिंगच्या वेळी, इफेक्टांचा भार वाढल्यावर, मोठा करावा. गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरील थेट मॉनिटरिंगचे (संगणकातून न फिरता आवाज हेडफोनमध्ये ऐकवणारे) बटण वापरावे आणि सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग बंद ठेवावे. दोन्ही चालू राहिले तर आवाज दुहेरी ऐकू येतो.

ऐकू येणारा उशीर आणि ट्रॅक मागे पडणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्यावर मोजमापाने उपाय करता येतो. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन हा आकडा मुळात उणे १३० मिलिसेकंद असतो. तो केवळ अंदाज आहे, प्रत्येक संगणकाला लागू पडणारा नव्हे. तो तात्पुरता शून्य करावा, मेट्रोनोमचा एक ट्रॅक तयार करावा आणि हेडफोनचा एक कप मायक्रोफोनला टेकवून तोच ठेका दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करावा. मग दोन्ही ट्रॅक मोठे करून एकाच ठोक्याच्या दोन सुरुवातींमधले अंतर मोजावे. ते १६० मिलिसेकंद निघाले तर उणे १६० ही किंमत भरावी आणि तोच प्रयोग पुन्हा करून ठोके जुळतात का ते पाहावे. आर्डोरमध्ये हेच काम ऑडिओ सेटअपच्या खिडकीतील कॅलिब्रेट या बटणाने होते; इंटरफेसचे एक आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडले की सॉफ्टवेअर स्वतः मोजते. ड्रायव्हर, इंटरफेस किंवा बफर बदलला की हे मोजमाप नव्याने करावे.

यानंतर अर्धा तास सलग मुद्रण चालू ठेवावे, मग त्यात काही वाजवा किंवा न वाजवा. बारीक तडतड किंवा मध्येच तुटलेला ध्वनी आढळला तर बफर वाढवावा, वायफाय बंद करून पाहावे, लॅपटॉप चार्जरवर ठेवून ऊर्जाबचत बंद करावी आणि यूएसबी हब टाळून इंटरफेस थेट जोडावा. आर्डोर अशा खंडांची संख्या वरच्या पट्टीत दाखवते, त्यामुळे कोणत्या बदलाने फरक पडला ते लगेच कळते.

शेवटची आणि सर्वाधिक दुर्लक्षित चाचणी म्हणजे प्रकल्प जतन करून, सॉफ्टवेअर बंद करून, ती फाइल किंवा ते फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवून तिथून उघडणे. सारे ट्रॅक जागच्या जागी दिसले तरच ही निवड पक्की समजावी.

प्लगइनविषयी थोडे

इफेक्ट आणि वाद्ये प्लगइनच्या, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरमध्ये बसवता येणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, रूपाने जोडली जातात. ऑडॅसिटी आणि आर्डोर दोन्हींना एलव्ही२ आणि व्हीएसटी३ हे प्रकार चालतात. प्रतिध्वनीसाठी ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब, मिक्सिंगच्या जवळजवळ प्रत्येक कामासाठी एलएसपी प्लगइन, आणि मिडी वाजवण्यासाठी २०१८ मध्ये मुक्तस्रोत झालेले सर्ज हे सिंथेसायझर, जे आता सर्ज एक्सटी या नावाने मिळते, एवढ्यावर दीर्घकाळ काम चालते. सुरुवातीलाच शंभर प्लगइन भरून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांतले एखादे बिघडले तर प्रकल्प उघडताना कोणते बिघडले हे शोधणे जिकिरीचे होते. शिवाय बंदिस्त प्लगइनवर प्रकल्प उभारला, तर मुक्तस्रोत सॉफ्टवेअर निवडण्यामागचा मूळ हेतू तिथेच निसटतो.

जतन करण्याची पद्धत

आर्डोरचा प्रकल्प म्हणजे एक फोल्डर असते. त्यात मुद्रित ध्वनी साध्या वेव्ह फाइलच्या रूपात आणि मांडणीचे तपशील एक्सएमएल मजकुराच्या रूपात असतात. म्हणजे आर्डोर हाताशी नसले तरी मुद्रित ध्वनी कोणत्याही प्लेअरमध्ये ऐकता येतो. ऑडॅसिटीच्या एकसंध फाइलमधून मात्र ट्रॅक वेगळे काढण्यासाठी एक्स्पोर्ट करावे लागते. दोन्हींत गाणे पूर्ण झाले की प्रत्येक ट्रॅक इफेक्टशिवाय आणि इफेक्टसह अशा दोन प्रतींत, सगळे एकाच आरंभबिंदूपासून, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये काढून ठेवावेत. फ्लॅकमध्ये गुणवत्तेचा कोणताही ऱ्हास न होता जागा वाचते. एमपी३ आणि ओपस हे प्रकार फक्त ऐकवण्याच्या प्रतीसाठी राखून ठेवावेत, कारण त्यांतून वगळलेला ध्वनी परत मिळत नाही. ट्रॅकच्या त्या फोल्डरमध्येच एका साध्या मजकूर फाइलमध्ये गाण्याची लय, सॅम्पल रेट, वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि प्लगइनांची नावे लिहावीत, त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर किंवा सोर्स कोडही सोबत ठेवावा आणि या सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.